फ्लूच्या साथीत नमुना कसा पाठवायचा? डॉक्टरांकडून वारंवार येणारे प्रश्न

पाऊस मुरला की आमच्या लॅबचा फोन वाजायला लागतो आणि थंडी ओसरताना पुन्हा वाजतो. महाराष्ट्रात फ्लू बहुधा याच दोन हंगामांत वर येतो. फोन करणारे कधी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी असतात, कधी तालुक्याच्या गावातले फिजिशियन, तर कधी रात्री अडीच वाजता आयसीयूतला निवासी डॉक्टर. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विषाणू प्रयोगशाळेत काम करते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. साथ सुरू आहे. ताप-खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाचा स्वॅब घ्यायचा का?

नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन गट ठरवून दिले आहेत, ते धरून चाला.

गट अ म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी. तपासणी नाही, ओसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषधही नाही. घरी विश्रांती आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघणं. गट ब मध्ये ताप जास्त आणि घसा फार दुखणारे रुग्ण येतात. सौम्य लक्षणं असली तरी जोखीम असलेले रुग्णही याच गटात: गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असलेले. यांच्यासाठी औषधाचा विचार करायचा आणि जोखीम असेल तर ते सुरूच करायचं, पण तपासणीची गरज नाही. गट क म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, गुंगी, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं. मूल सुस्त पडलं, दूध-पाणी घेईना, झटके आले, तर तेही गट क मध्येच. यांना दाखल करा, औषध सुरू करा आणि नमुना पाठवा.

ही वर्गवारी का आली ते आठवून बघा. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. पुढच्या काही दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगाच रांगा लागल्या. साधी सर्दी झालेला माणूस आणि खरोखर धाप लागलेला माणूस एकाच रांगेत तासन्‌तास उभे होते. लॅबमध्येही तसंच होतं. शंभर सौम्य नमुने आले की त्यांच्यामागे आयसीयूतला एक नमुना अडकतो.

२. रिपोर्ट येईपर्यंत ओसेल्टामिविर थांबवू का?

अजिबात नको. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या प्रश्नांत मला सर्वात अस्वस्थ करणारा प्रश्न हा आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत औषधाचा सर्वाधिक फायदा होतो. गंभीर रुग्णाला त्यानंतरही द्यायचंच. प्रौढांसाठी नेहमीचा डोस ७५ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनाप्रमाणे, आणि मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी. नमुना वाटेत असेल, लॅबला सुट्टी असेल, मशीन बंद असेल. त्या कशाचाही पहिल्या गोळीशी संबंध नाही. औषध सुरू झाल्यावर घेतलेला नमुनाही चालतो. पण आधी स्वॅब आणि लगेच पहिला डोस असं जमलं तर उत्तम. त्यासाठी पाच मिनिटं पुरतात.

३. स्वॅब नाकाचा घ्यायचा की घशाचा?

दोन्ही घ्या आणि दोन्ही एकाच ट्यूबमध्ये टाका. एकच शक्य असेल तर नाकाच्या मागच्या भागातला, म्हणजे नासाग्रसनीतला घ्या.

घशाचा स्वॅब घेताना जीभ दाबून धरा, घशाची मागची भिंत आणि टॉन्सिल यांवर नीट घासा. जिभेला आणि गालाला लागू देऊ नका. नाकासाठी डोकं थोडं मागे कलवा. काडी वर कपाळाच्या दिशेने घालायची नाही, नाकाच्या तळाला धरून सरळ मागे, कानाच्या दिशेने न्यायची. नाकपुडीपासून कानापर्यंत जेवढं अंतर तेवढी आत, किंवा अडेपर्यंत. अडली की काही सेकंद तिथेच ठेवा, म्हणजे स्राव शोषला जाईल, आणि हळू फिरवत बाहेर काढा. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आलं तर बहुधा जागा बरोबर सापडली. 'मॅडम, स्वॅब घेतला, पेशंटला काही कळलंसुद्धा नाही' असं कुणी सांगितलं की मी तो नमुना मनातल्या मनात वेगळा काढते. तो पुढे कसा अडकतो ते प्रश्न ११ मध्ये आहे.

स्वॅब घेणाऱ्याने एन-९५ मास्क, हातमोजे, गाऊन आणि डोळ्यांचं संरक्षण वापरायलाच हवं. रुग्ण तुमच्या तोंडावर शिंकणार किंवा खोकणार, हे गृहीत धरा.

४. आमच्याकडे साध्या कापसाच्या काड्या आहेत. चालतील?

नाही. काडी प्लास्टिकची आणि टोक डॅक्रॉन, पॉलिस्टर किंवा फ्लॉक्ड नायलॉनचं हवं. लाकडी काडी, कापूस आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक यांतले घटक पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणतात. विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि तो खोटा आहे हे कुणाला कळतही नाही.

ट्यूब व्हीटीएमची, म्हणजे विषाणू वाहून नेणाऱ्या द्रवाची. त्यात साधारण २ ते ३ मिली द्रव असतो. हा द्रव बहुधा गुलाबी असतो. वापरण्याआधी ट्यूब उजेडात धरा. पिवळा पडला असेल किंवा गढूळ दिसत असेल तर त्यात जंतू वाढले आहेत, ती ट्यूब फेका. मुदतीची तारीखही बघा. स्वॅब बुडवला की काडी खाचेवर मोडून झाकण घट्ट लावा. काडी लांब राहिली आणि झाकण तिरकं बसलं की ट्यूब हमखास गळते.

५. आजाराच्या कितव्या दिवसापर्यंत नमुना घेण्यात अर्थ आहे?

पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू सर्वाधिक मिळतो. नंतर नाकाघशातलं प्रमाण झपाट्याने घटतं. तरीही दाखल झालेल्या गंभीर रुग्णाचा सातव्या-आठव्या दिवशीही पाठवा. लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण जास्त दिवस विषाणू सोडतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात विषाणू वर संपून खाली फुप्फुसात टिकलेला असू शकतो, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

६. शुक्रवारी संध्याकाळी नमुना घेतला, गाडी सोमवारी जाणार. कुठे ठेवू?

फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सियसला, आणि तोही ७२ तासांच्या आत लॅबमध्ये पोचेल अशा बेताने. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश लागतं, आणि ते तालुक्याला सहसा नसतं. म्हणून 'फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला' हा उपाय करू नका. घरगुती फ्रीजरच्या उणे २० ला विषाणूची हानी होते, आणि गोठणं-वितळणं झालं तर आणखीच. शुक्रवारी गाडी नाही हे माहीत असेल तर जिल्ह्याला फोन करा. साथीत खास गाडी निघते, पण ती मागावी लागते.

लसींच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसी साठवायच्या खास फ्रिजमध्ये, नमुने ठेवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा नसते आणि तापमान तर हवं तेच असतं, त्यामुळे हा मोह होतो, हे मला कळतं. पण उद्या सकाळी त्याच आयएलआरमधून बाळांच्या लसी निघणार असतात. नमुन्यांसाठी वेगळा फ्रिज आणि वेगळा कॅरिअर हवा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहिलेलं हवं.

७. पॅकिंग नेमकं कसं करायचं?

तीन थरांत. पहिला थर म्हणजे ट्यूब. झाकणाभोवती पॅराफिल्म, म्हणजे ताणून चिकटणारी पट्टी, गुंडाळा आणि ट्यूब शोषून घेणाऱ्या कापसात किंवा टिश्यूत ठेवा, म्हणजे फुटलीच तर द्रव तिथेच अडेल. दुसरा थर न गळणारा डबा, घट्ट झाकणाचा. तिसरा थर बाहेरचा मजबूत खोका किंवा थर्माकोलची पेटी. आइस पॅक दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवायचे, ट्यूबला चिकटवून नाहीत. ते आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाका. तासाभरापूर्वी टाकलेला पॅक वाटेतच पाणी होतो.

विमानाने किंवा कुरिअरने पाठवणार असाल तर बाहेर यूएन ३३७३ ही हिऱ्याच्या आकाराची खूण आणि 'जैविक पदार्थ, श्रेणी ब' असा मजकूर हवा. सुका बर्फ वापरला तर त्याची वेगळी खूण यूएन १८४५, आणि पेटी हवाबंद करायची नाही. सुक्या बर्फाचा वायू होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. पाठवणारा आणि घेणारा, दोघांचे मोबाइल नंबर पेटीवर लिहा.

८. फॉर्म इतका मोठा का? सगळं भरायलाच हवं का?

हो, आणि कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एका पेटीत फॉर्म ट्यूबलाच गुंडाळून रबर लावून आले होते. बर्फ वितळला, शाई पसरली. एका फॉर्मवर 'वय ३४, स्त्री' एवढंच वाचता येत होतं, आणि त्या पेटीत चौतीस वर्षांच्या स्त्रिया दोन होत्या. त्यातली एक व्हेंटिलेटरवर, सात महिन्यांची गरोदर. ट्यूबवरची लेबलंही सुटली होती. नमुने पुन्हा मागवावे लागले आणि एक दिवस गेला. तिचं औषध आधीच सुरू होतं, हेच काय ते समाधान. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते: फॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, दुसऱ्या डब्याच्या बाहेर. ट्यूबवरचं नाव न पुसणाऱ्या पेनने, स्वॅब घेण्याआधीच लिहिलेलं.

फॉर्मवर हे चुकवू नका: लक्षणं सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, नमुन्याचा प्रकार, औषध सुरू झालं का आणि कधी, जोखमीचे आजार, गरोदरपण, लस, प्रवास, पक्ष्यांशी संपर्क. आणि पत्ता. पत्ता आधार कार्डावरचा नाही, आजारी पडण्याआधीच्या आठवड्यात माणूस राहत होता तो. ऊसतोडीच्या हंगामात हे फार महत्त्वाचं ठरतं. कार्डावर बीड जिल्हा, पण कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, कोल्हापूरच्या फडाजवळ. बीडला पथक गेलं तर तिथे घराला कुलूप, आणि इकडे कोपीतल्या बाकीच्या दहा जणांना कुणी विचारलेलंच नसतं.

९. नमुना कुठल्या लॅबला आणि कुणामार्फत पाठवायचा?

थेट पेटी पाठवण्याआधी जिल्हा सर्वेक्षण कक्षाला फोन करा. खासगी रुग्णालयानेसुद्धा. ग्रामीण भागात वाट तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा रुग्णालयातून जाते, महापालिका हद्दीत आरोग्य विभागातून. कोणत्या जिल्ह्याचा नमुना कोणत्या लॅबला, हे साथीच्या काळात बदलतं. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विषाणू प्रयोगशाळांत फ्लूची आरटी-पीसीआर होते. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, १९५२ पासून विषाणूंवर काम करते आहे आणि ती देशाचं राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्रही आहे. तिथे वेगळे, न ओळखलेले किंवा पुढच्या अभ्यासाचे नमुने जातात. सगळ्यांनीच पुण्याला धाव घेतली तर कामच थांबेल.

सिंधुदुर्गातले बरेच रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दाखल होतात. अशा वेळी नमुना तिथूनच जातो, पण रुग्णाच्या गावाची माहिती सिंधुदुर्गच्या सर्वेक्षण अधिकाऱ्यांपर्यंत पोचायला हवी. 'गोव्याने कळवलं असेल' असं धरून चालू नका, एक फोन करा.

नमुना पाठवला म्हणजे साथ कळवली असं होत नाही. संशयित रुग्णांची नोंद पी फॉर्ममध्ये तुम्ही करायची. लॅबने पक्क्या ठरवलेल्या रुग्णांची एल फॉर्ममध्ये आम्ही करतो.

१०. रॅपिड किट निगेटिव्ह आलं. मग फ्लू नाही ना?

असं म्हणता येत नाही. रॅपिड अँटिजेन किट बरेच खरे रुग्ण सोडून देतं. पॉझिटिव्ह आलं आणि साथ सुरू असेल तर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आलं आणि रुग्ण गट क चा असेल, तर औषध चालू ठेवा आणि पीसीआरला पाठवा. शिवाय किट 'ए' की 'बी' एवढंच सांगतं. 'ए' चा उपप्रकार एच१एन१ की एच३एन२, हे त्यातून कळत नाही.

११. रिपोर्टवर 'नमुना अपुरा, पुन्हा पाठवा' आलं. चूक लॅबची की आमची?

बहुतेक वेळा नमुना घेण्यात राहून गेलेलं असतं. पीसीआरमध्ये आम्ही विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचं एक जनुकही शोधतो, त्याला आरएनेज-पी म्हणतात. नाकाघशाच्या पेशी स्वॅबवर आल्या असतील तर ते सापडायलाच हवं. तेच सापडलं नाही, तर ट्यूबमध्ये माणसाच्या पेशीच नाहीत, म्हणजे काडी भिंतीला लागलीच नव्हती. अशा नमुन्याला 'निगेटिव्ह' म्हणणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून आम्ही म्हणत नाही. प्रश्न ३ प्रमाणे पुन्हा घ्या.

१२. रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, एक्स-रे दोन्हीकडे पांढरा, आणि स्वॅब निगेटिव्ह. पुढे काय?

खालच्या श्वसनमार्गातला नमुना पाठवा. नळीतून खेचलेला स्राव निर्जंतुक डब्यात २ ते ३ मिली. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, होणारच असेल तर त्यात फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी. केवळ नमुन्यासाठी ब्रॉन्कोस्कोपी करू नका. स्राव घेताना बंद सक्शन वापरा आणि खोलीत लागतील तेवढीच माणसं ठेवा, कारण या वेळी हवेत तुषार सर्वाधिक उडतात. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत औषध बंद करू नका.

१३. आश्रमशाळेत साठ मुलं तापाने पडली आहेत. साठ स्वॅब घेऊ?

नको. ज्यांचा ताप गेल्या दोन-तीन दिवसांतला आहे अशा पाच ते दहा मुलांचे घ्या. दोन-तीन पॉझिटिव्ह आले की साथ कशाची ते कळलं. बाकीच्या मुलांवर लक्षणांवरून उपचार करा. त्यापुढे नमुना फक्त गंभीर मुलाचा, किंवा ज्याचा आजार बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो त्याचा. साठ मुलांची यादी मात्र पाठवा: वय, वर्ग, कोणत्या खोलीत झोपतं, ताप कधी आला. अशी यादी खोलीनिहाय लावली की साथ कुठल्या कोपऱ्यातून पसरली ते बऱ्याचदा नुसतं वाचून दिसतं.

१४. नाकातून रक्त येतंय, प्लेटलेट कमी आहेत. तरी नाकात काडी घालू?

घालू नका. घशाचा स्वॅब घ्या आणि फॉर्मवर कारण लिहा. कवटीच्या तळाला इजा किंवा नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया असेल तरीही हेच. तान्ह्या बाळासाठी बारीक लवचिक टोकाचा लहान स्वॅब किंवा नाकातून खेचलेला स्राव चालतो.

१५. रक्त पाठवलं तर निदान होईल का?

आजच्या उपचारासाठी नाही. प्रतिपिंडांसाठी दोन नमुने लागतात, एक सुरुवातीचा आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो किंवा गेलेलाच असतो.

१६. त्याच स्वॅबवर कोविडही तपासता येईल?

हो. त्याच व्हीटीएममधून दोन्ही होतं. फॉर्मवर दोन्ही मागण्या लिहा, दुसरी काडी नको.

१७. मुलाला चार दिवसांपूर्वी नाकात फवारायची फ्लूची लस दिली. आता स्वॅब पॉझिटिव्ह आला. आजार की लस?

नाकातून देण्याच्या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. लस दिल्यावर काही दिवस पीसीआर तोच पकडू शकतं. म्हणून फॉर्मवर लसीचा प्रकार आणि तारीख हवी. इंजेक्शनच्या लसीने असं होत नाही. मूल गंभीर असेल तर आजारच समजून उपचार करा, छडा नंतर लावू.

१८. बरा झालेल्या रुग्णाला सोडण्याआधी पुन्हा तपासणी?

गरज नाही. पीसीआरमध्ये विषाणूचे अवशेष उशिरापर्यंत दिसू शकतात. घरी सोडायचं की नाही, हे लक्षणांवरून ठरवा.

१९. रुग्ण पोचला आणि तासाभरात गेला. आता नमुना घ्यावा का?

घ्या. शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत. नाकाघशाचा स्वॅब, नळी असेल तर त्यातला स्राव. शवविच्छेदन होणार असेल तर श्वासनलिका आणि फुप्फुसाचे तुकडे. पीसीआरचे तुकडे व्हीटीएममध्ये किंवा निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवा, फॉर्मलिनमध्ये नको. सूक्ष्मदर्शकासाठीचे तुकडे वेगळ्या बाटलीत फॉर्मलिनमध्ये. नातेवाईकांना कशासाठी घेतोय ते शांतपणे सांगा. घरात त्याच तापाने आजारी पडलेलं दुसरं कुणी आहे का, हे त्याच वेळी विचारलं जातं, आणि त्यातून एखादा जीव वाचतो.

२०. वापरलेल्या काड्या, हातमोजे, सांडलेलं व्हीटीएम?

स्वॅब, मास्क आणि गाऊन पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. सांडलं तर कागदाने झाका, वर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता, थोडा वेळ राहू द्या आणि मग पुसा.

२१. पोल्ट्रीत कोंबड्या मरतायत आणि तिथल्या मजुराला ताप आला. हा नमुना नेहमीसारखाच पाठवू?

नाही. आधी फोन, मग स्वॅब. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ कोंबड्यांत उघड झाली. तेव्हापासून दोन वाटा वेगळ्या आहेत. पक्ष्यांचे नमुने पशुसंवर्धन विभागामार्फत भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे. माणसांचे नमुने जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांमार्फत पुण्याला एनआयव्हीकडे. एका पेटीत दोन्ही कधीही घालू नका.

मजुराला वेगळ्या खोलीत ठेवा आणि ओसेल्टामिविर लगेच सुरू करा. इथे अ, ब, क बघत बसायचं नाही, ताप सौम्य असला तरी नमुना घ्यायचाच. नाक आणि घसा दोन्हीचा घ्या, खोकला असेल तर खालच्या मार्गातलाही. डोळे लाल असतील तर डोळ्याचाही स्वॅब. फॉर्मवर 'पोल्ट्री संपर्क' लाल अक्षरात लिहा. आमचा तंत्रज्ञ ती ट्यूब कुठे आणि कशी उघडतो, हे त्या दोन शब्दांवर ठरतं.

२२. रिपोर्ट आला 'इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, उपप्रकार ठरला नाही'. याचा अर्थ काय?

दोन शक्यता. पहिली आणि नेहमीची: विषाणू इतका थोडा आहे की 'ए' एवढंच पकडलं गेलं, उपप्रकाराची चाचणी तिथवर पोचली नाही. दुसरी दुर्मिळ: विषाणू भरपूर आहे, तरीही तो एच१ नाही आणि एच३ही नाही. तसं असेल तर तो माणसात नवा उपप्रकार असू शकतो. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार अशा एका रुग्णाचीही माहिती देशाला २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला द्यावी लागते.

दोन्हींतली कोणती, हे आम्ही आकडे बघून त्याच दिवशी ठरवतो आणि नमुना पुढे पाठवतो. तोवर रुग्णाला एकटं ठेवा, औषध चालू ठेवा, पक्षी, डुकरं आणि प्रवास यांबद्दल घरच्यांना पुन्हा विचारा आणि दुसरा स्वॅब घेऊन फ्रिजमध्ये ठेवा. फॉर्मवर जो मोबाइल नंबर दिला आहे तो रात्रीही चालू ठेवा. आमचा पहिला फोन त्याच नंबरवर येईल.